वहिनींनी काढून टाकलेलं मंगलाष्टक

आमच्या घरात लग्न होतं, आणि मी एक रात्र नि अर्धा दिवस एका कॉम्प्युटरला बंद होऊ देत नव्हतो.

मशीन बिघडलेलं नव्हतं. माडीवर माझ्या खोलीत ते गुपचूप चालू होतं. मी खाली मांडववाल्याशी बोलत असायचो, मध्येच मला शंका यायची की कुणीतरी वर जाऊन बटण दाबलंय, आणि मी वाक्य अर्धं टाकून जिना चढायचो. माउस हलवायचा, पडदा उजळला की सुस्कारा सोडायचा, खाली यायचं. खाली येऊन टेकतो न टेकतो तोच पुन्हा शंका. बायकोनं एकदा जिन्यातच अडवलं. "पोट बिघडलंय का तुमचं?" खरं सांगण्यापेक्षा व्हय म्हणणं सोपं होतं, म्हणून मी व्हय म्हणालो. परिणाम असा झाला की अंगणात बुंदी पडत असताना माझ्या ताटात ताकभात आला, आणि तो मी सगळ्या पाहुण्यांच्या देखत आजारी चेहरा करून खाल्ला.

सोलापूरच्या भवानी पेठेत आमचं दुमजली घर आहे. खाली थोरला भाऊ आणि वहिनी, वर आम्ही नवरा-बायको. लग्न होतं भावाच्या मुलीचं, माझ्या एकुलत्या एक पुतणीचं. दिवसा मी चिंचोळीला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये बसून नट-बोल्ट देतो, पण तिथं मला कुणी त्यासाठी ओळखत नाही. मी मंगलाष्टकं रचतो आणि गातो. गल्लीत, नात्यात, कारखान्यात कुणाकडंही लग्न ठरलं की पत्रिका छापायच्या आधी माझ्याकडं नावं येतात. नवरा, नवरी, आजोबा, मामा, आत्या. ती मी ओळींत गुंफतो आणि लग्नाच्या दिवशी फेटा बांधून माईकसमोर उभा राहतो. माझ्यामुळं मुहूर्त टळतो असं दोन-तीन गुरुजींचं म्हणणं आहे. माझं म्हणणं असं की मुहूर्त फोटोवाल्यामुळं टळतो, मी फक्त तेवढा वेळ भरून काढतो.

यातलं गुपित आता सांगायला हरकत नाही. मंगलाष्टकाचं वृत्त मोठं खाष्ट. ओळीत एकोणीस अक्षरं, कुठलं लघू, कुठलं गुरू हे आधीच ठरलेलं. दर लग्नाला नवीन कोण रचणार? म्हणून माझ्या काही ओळी कायमच्या आहेत. नवरीसाठी 'आली सोनपरी घरात नटुनी, वाद्ये घुमू लागली'. नवऱ्यासाठी 'ज्याचे रूप असे जसा मदनही लाजून पाही भुई'. या दोन ओळी मी इतक्या लग्नांत गायल्या आहेत की सोलापुरातले अर्धे जावई मदनाला लाजवून बसलेत. त्यात एक जण असा होता की त्याला पाहून मीच भुईकडं पाहिलं. पण ओळ वृत्तात चपखल बसते, मी काय करू.

तर पद्धत अशी की जुन्या फायलीतून ओळ उचलायची, नव्या फायलीत चिकटवायची, नावं बदलायची. अडचण एकच होती. एक ओळ कॉपी करून ठेवावी आणि चिकटवायच्या आधीच चुकून दुसरी कॉपी व्हावी, की पहिली गेली. मी चिडायचो. दिवाळीत पुतणी पुण्याहून आली होती, तिनं माझी चिडचिड ऐकली आणि मला खुर्चीतून उठवलं.

"काका, विंडोजचं बटण धरा आणि व्ही दाबा."

दाबलं. कोपऱ्यात एक छोटी खिडकी उघडली. तिनं त्यात 'चालू करा' वर टिचकी मारली. त्या दिवसापासून मी जे जे कॉपी करीन किंवा उचलून काढीन ते सगळं त्या खिडकीत एकाखाली एक उभं राहायला लागलं. सगळ्यात नवं सगळ्यात वर. हवं त्याच्यावर टिचकी मारली की ते कागदावर हजर. मी तरुणपणी हौशी नाटकांत बारीकसारीक कामं केली आहेत. मला ती खिडकी म्हणजे विंगेत डोकावल्यासारखी वाटली. राजा, भालदार, रडणारी राणी, सगळे रंग लावून आपापल्या एंट्रीची वाट बघत उभे.

"पण ध्यानात ठेवा," ती म्हणाली, "यादी भरली की जुनं खालून गळतं. आणि मशीन बंद केलं की सगळंच जातं. एखादं राखायचं असेल तर ही टाचणी दाबायची."

मी तिला आशीर्वाद दिला की तुझ्या लग्नात सगळी मंगलाष्टकं नवीकोरी करीन. तेव्हा तिचं ठरलंही नव्हतं.

पुढं ठरलं, अकलूजचं स्थळ. मुलगा चांगला, माणसं चांगली, नावंही लहान लहान. मी हरखून गेलो होतो. पण पुतणीचं लक्ष माझ्या मंगलाष्टकांत नव्हतंच. तिला दुसरंच हवं होतं.

आमच्याकडं मुलीच्या आईनं लग्न लागताना बघायचं नसतं. इकडं अंतरपाट धरला की तिकडं आईनं तुळशीपाशी बसून तुळशीला पाणी घालायचं, अक्षता पडून वाजंत्री वाजेपर्यंत. पुतणीला हे पटत नव्हतं. लग्नाच्या आठवडाभर आधी स्वयंपाकघरात तिनं विषय काढला. वहिनी शेंगा भाजत होत्या.

"आई, तू स्टेजवर थांब. कोण काय म्हणतंय?"

"कोण काय म्हणत न्हाई. मीच न्हाई थांबणार. माझी आईपण न्हवती थांबली."

"का पण?"

"का ते मला काय म्हाईत? तुळशीला विचार." वहिनी अक्कलकोटकडच्या. वाद संपवायचा झाला की मध्ये देवाला नाहीतर झाडाला घालतात.

पुतणीनं एक शेंग उचलून फोडली. मग म्हणाली, "मग तुझं काहीतरी तिथं पाहिजे. तू एक मंगलाष्टक लिही. काका म्हणतील."

"अय्य, मला येतंय व्हय ते?"

"एकच. मला लग्नात दुसरं काही नको तुझ्याकडनं."

हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते. वहिनींनी शेंगा खाली उतरवल्या. पुढचे दिवस मी बघत होतो, पुतणी कुठूनही आली की आधी आईच्या तोंडाकडं बघायची.

हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे गावात आमंत्रणं द्यायला गेले होते. मी घरात असून नसल्यासारखा, मागच्या दारी केळीचे खांब उतरवून घेत होतो. वहिनी एकट्याच माडीवर जाऊन मशीनपाशी बसल्या. त्यात विशेष काही नाही. त्यांच्या बचत गटाच्या बैठकीचा मजकूर त्या माझ्याच मशीनवर टाइप करतात, मराठी कीबोर्डवर त्यांची बोटं माझ्यापेक्षा भराभर चालतात. बऱ्याच वेळानं चष्मा हातात घेऊन खाली आल्या. तोवर मंडळी परतली होती. पुतणीनं फक्त बघितलं.

"न्हाई जमलं गं," वहिनी म्हणाल्या. "बसले हुते. आपलं काम न्हवं ते."

"बरं," पुतणी म्हणाली, आणि बांगड्यांचे डबे उचलून आत गेली. ते 'बरं' मला अजून ऐकू येतं.

संध्याकाळी मी वर गेलो. अकलूजच्या व्याह्यांचा फोन आला होता की नवऱ्या मुलाच्या थोरल्या आत्याचं नाव राहिलंय, ते घातलंच पाहिजे. फाईल उघडली, सवयीनं विंडोज आणि व्ही दाबलं. विंगेत सगळ्यात पुढं एक अनोळखी पात्र उभं.

'भात कच्चा राहिला तरी भिऊ नको, माझाही पहिला कच्चाच होता. रडू आलं तर नळ…'

तिथं खिडकी संपत होती. ती छोटी खिडकी लांब मजकूर पुरता दाखवत नाही, सुरुवात दाखवते आणि पुढचं कापते. पुढचं वाचायचं तर टिचकी मारून कागदावर आणायला लागतं.

पहिल्यांदा मला ती पाककृती वाटली. मग मी खुर्चीतून उठलो. मग बसलो. वहिनींना जमलं नव्हतं हे खोटं होतं. जमलं होतं, आणि त्यांनी ते काढून टाकलं होतं.

आता हे इथं राहिलं कसं, तर वहिनींच्या एका सवयीनं. आमच्या वहिनी कुठलीच गोष्ट सरळ केरात टाकत नाहीत. फुटका डबा असो, उसवलेली पिशवी असो, आधी ती न्हाणीघराच्या कोनाड्यात दोन दिवस बसते, न जाणो लागली तर म्हणून, आणि मग जाते. टाइप करतानाही तेच. चुकलेला मजकूर त्या कधी डिलीट करत नाहीत. सगळा निवडून कंट्रोल आणि एक्स दाबतात. डिलीट केलं की गेलं, असं उचलून काढलं की निदान लगेच मन बदललं तर परत ठेवता येतं, असा त्यांचा हिशेब. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत की पुतणीनं दिवाळीत तिथं एक मोठा कोनाडाच करून ठेवलाय आणि त्यात रोज डोकावणारा मनुष्य मी आहे.

मी मनुष्य कसला आहे ते सांगायला हवं. शेजारी कुकरची शिट्टी झाली तर आज काय शिजवलंय ते विचारून येणारा. बसमध्ये पुढच्या सीटवरचं भांडण अर्धं राहिलं तर त्यांच्या थांब्यावर उतरणारा. आणि माझ्यासमोर 'नळ' या शब्दावर तुटलेलं वाक्य. नळाचं पुढं काय? एक टिचकी की कळलं असतं. माझं बोट माउसवर होतं. पण वहिनींनी ते कुणाला दाखवायचं नाही असं ठरवून काढलं होतं. कागदावर आणलं की ते मी घेतलं असं झालं असतं. टाचणी मारली असती तरी तेच. आणि मशीन बंद केलं असतं तर ते माझ्या हातानं गेलं असतं. खाली ती पोर 'बरं' म्हणून बांगड्या लावत बसली होती.

मी दोन्हीही केलं नाही. घेतलंही नाही, टाकलंही नाही. मशीन चालू ठेवलं, आणि तिथून माझ्या जिवाला घोर लागला.

कारण नुसतं चालू ठेवून भागत नव्हतं. मी काहीही कॉपी केलं की वहिनींची ओळ एक पायरी खाली सरकणार, आणि शेवटी गळून पडणार. व्याह्यांचे फोन तर येतच होते. आता आत्याचे यजमान राहिले. आता अमुक काका मामाच्या आधी हवेत. आयुष्यभर ज्यानं उचल-चिकटव केली त्या माझ्यावर प्रत्येक अक्षर हातानं टाइप करायची पाळी आली. भाऊ वर आला, मला एका बोटानं 'मदनही' टाइप करताना बघून म्हणाला, "अरे, तुझं तर सगळं तयार असतंय की. एवढा हळू कधीपासनं झालास?"

"तुझ्या पोरीचं लग्न आहे. मनापासून करतोय."

भाऊ गहिवरला. मला त्याचीही लाज वाटायला फुरसत नव्हती, कारण तेवढ्यात पडद्यावर अपडेटची सूचना आली. मशीन आत्ता बंद करून सुरू करू की नंतर. मी 'नंतर' दाबलं. थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं. अशी मागं लागली होती की जशी काही तीही मुलाकडचीच. मी मशीनवर कागद चिकटवला, 'हात लावू नये'. लग्नघरात असा कागद लावणं म्हणजे आमंत्रणच. पाहुण्यांची पोरं एकेक करून तो वाचायला वर आली.

दुसऱ्या दिवशी हळद. अंगणात पुतणीला पाटावर बसवलेलं, बायका गाताहेत, मी वर-खाली करतोय. दुपारी मांडववाल्यानं गच्चीवरून सगळ्या माळा सोडल्या आणि एकदम जोडल्या. खट्ट आवाज झाला, पंखे थांबले, घरातला मेन उडाला. आणि वरून, माझ्या खोलीतून, यूपीएसची शिट्टी सुरू झाली. पी, पी, पी.

आमच्या यूपीएसची बॅटरी म्हातारी आहे. ती ओरडते जास्त आणि टिकते कमी. मी दोन-दोन पायऱ्या घेत वर गेलो. पडदा अजून उजळ होता. मी खुर्चीत बसलो, विंडोज आणि व्ही दाबलं, वहिनींची ओळ शोधली, बोट माउसवर ठेवलं, पण दाबलं नाही. शिट्टी चालूच.

"भावजी, काय बोंबलतंय ते? बंद करा की. खाली गाणी ऐकू येईनात."

दारात वहिनी. दोन्ही हात कोपरापर्यंत हळदीनं पिवळे. त्या सरळ बटणाकडं निघाल्या आणि मी मध्ये उभा राहिलो, दोन्ही हात पसरून. नाटकात मी हे कितीदा केलंय, पण तिथं पाठीमागं किल्ला असायचा.

"नका, वहिनी. बंद नका करू."

"का? काय हाय त्यात?"

"तुमचा भात," मी म्हणालो.

वहिनी थांबल्या. माझ्याकडं बघितलं, मग माझ्या खांद्यावरून पडद्याकडं. चष्मा डोक्यावर होता तो मनगटानं खाली ओढला, काचेला हळद लागली. त्या खिडकीतलं त्यांनी वाचलं. चेहरा उतरला.

"ते तर मी काढलं हुतं."

"काढलेलं सगळं तिथं जातं. तुमच्या पोरीनं केलंय ते."

"सगळं वाचलासा?"

"नाही. नळापर्यंतच दिसतं. पुढचं दाबल्याशिवाय दिसत नाही. मी नाही दाबलं." शिट्टी जलद व्हायला लागली होती. "काल संध्याकाळपासून नाही दाबलं, वहिनी. मला पोट बिघडलंय म्हणून ताकभात खायला लागतोय."

त्यांना हसू आलं. ते हसू त्यांच्या तोंडावर टिकलं नाही, पण आलं. खुर्चीकडं बोट करून म्हणाल्या, "सरका." बसल्या. आणि आपलं काढलेलं बघायच्या आधी, बाईमाणूस ते बाईमाणूस, सगळी यादीच वरून खाली बघायला लागल्या. यूपीएस प्राण सोडत होतं आणि या वाचत होत्या.

"आली सोनपरी घरात. ही आपल्या पोरीची?"

"व्हय."

"आणि खाली पुन्हा सोनपरी, ती?"

"कारखान्यातल्या फिटरच्या मेव्हणीची."

"आणि ही?"

"वहिनी, वेळ नाही."

"नवीकोरी करणार म्हणला हुता की तिला. लई घरं फिरलीया तुमची सोनपरी."

मी यूपीएसकडं बघितलं. मग त्यांनी आपल्या ओळीवर पिवळ्या बोटानं टिचकी मारली आणि कोऱ्या कागदावर ते चार ओळींचं उतरलं. आम्ही दोघांनी वाचलं. त्यांनी ओठ हलवत, मी ओठ मिटून.

भात कच्चा राहिला तरी भिऊ नको, माझाही पहिला कच्चाच होता.
रडू आलं तर नळ सोडून रड, मी तसंच केलं, कुणाला कळलं नाही.
फोन उचलायला उशीर झाला तर समज, हात पिठात आहेत.
ये म्हणायची वाट बघू नको, ये. कुर्यात् सदा मंगलम्.

एकोणीस अक्षरांचा कुठं पत्ता नव्हता. लघू-गुरू रस्ता चुकलेले. मी इतक्या वर्षांत कुणाच्या मंगलाष्टकाला नाव ठेवायचं सोडलेलं नाही, याला ठेवलं नाही. मी फक्त दुसरी ओळ पुन्हा वाचत होतो. आमच्या न्हाणीघरातला नळ. वहिनी नव्यानं घरात आल्या तेव्हा मी कॉलेजात होतो. आई ओट्यापासून ओरडायची, 'नळ बंद कर की गं, टाकी रिकामी व्हईल.' वहिनींना पाणी सोडायची सवय आहे, माहेरी विहीर आहे ना, असं आम्ही सगळे म्हणायचो. वहिनींच्या माहेरी विहीर होतीच म्हणा.

तेवढ्यात शिट्टी एकदा लांबट वाजली आणि पडदा काळा झाला.

"गेलं?" वहिनी म्हणाल्या.

"गेलं."

खाली बायकांचं गाणं स्वच्छ ऐकू यायला लागलं. वहिनी त्या काळ्या पडद्याकडं बघत बसून राहिल्या. त्यात त्यांना स्वतःचाच चेहरा दिसत असणार.

"का काढलंत?" मी विचारलं.

"तुमच्या वृत्तात बसंना. माईकवर तुमी म्हणणार, समोर अकलूजची एवढी मानसं. हसली असती." मग चष्म्याची काच पदराला पुसत, "आणि ती नळाची ओळ लिहिली गेली की हातनं. लिहायची न्हवती. तुमचे दादा फेटा बांधून तिथंच उभे असणार. त्यास्नी आता कळून काय करायचं?"

"पोरगी वाट बघतीय, वहिनी."

"म्हाईत हाय मला."

हाताची हळद वाळून तडकायला लागली होती. त्या एकेक पापुद्रा नखानं काढत होत्या आणि, सवयीप्रमाणं, खाली न टाकता दुसऱ्या तळव्यात गोळा करत होत्या.

"तीन ओळी म्हणा," शेवटी म्हणाल्या. "नळाची सोडून. ध्यानात राहतील न्हवं?"

"तीन ओळींचं मंगलाष्टक नसतं हो. चार लागतात."

"मग तिथं तुमची सोनपरी घाला."

"ती नाही घालणार."

"तर मग मोकळी ठेवा तेवढी जागा," असं म्हणून त्या उठल्या. दारातून वळून म्हणाल्या, "आणि त्या पोरीला आत्ता काय सांगू नका. उगाच रडून हळद घालवंल."

लग्न अक्कलकोट रोडच्या एका कार्यालयात होतं. कार्यालयाची तुळस मागच्या अंगणात, आणि तिला लागूनच आचाऱ्याची भांडी घासायची जागा नि नळ. मुहूर्ताच्या आधी वहिनी हिरव्या शालूत, हातात तांब्या घेऊन, कुणाशी न बोलता मागच्या दारानं गेल्या. पुतणी गौरीहारापाशी होती. तिनं मान वळवून आईला जाताना बघितलं आणि मग समोर बघितलं.

अंतरपाट धरला. मी फेटा सारखा करून माईक घेतला. माझी चार झाली, जावईबापू मदनाला लाजवून झाले, आत्या आणि तिचे यजमान सन्मानानं बसले. आता शेवटचं. मला पहिल्यांदाच माईक दुसऱ्याला द्यावासा वाटला.

"हे मुलीच्या आईनं रचलंय," मी म्हणालो. अंतरपाटामागं मुंडावळ्या हलल्या.

भाताची ओळ मी चालीत ओढूनताणून बसवली. लोक हसले. अकलूजचे सगळ्यात मोठ्यानं, पण ते हसणं असं होतं की त्यात कितीतरी कच्चे भात होते. माझी पुतणी हसत होती, खांदे गदगदत होते. मग दुसरी ओळ आली. मी शब्द सोडले आणि नुसती चाल गुणगुणली, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. काका विसरला असं सगळ्यांना वाटलं. गुरुजींनी संधी साधून 'सावधान' म्हणायला तोंड उघडलं, मी त्यांचं मनगट धरलं. मग पिठाचे हात आले. मग 'ये म्हणायची वाट बघू नको, ये'. तिथं पोरीचे खांदे थांबले.

अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. हार घालून झाल्यावर ती सगळ्या गर्दीतून सरळ माझ्याकडं आली.

"काका, एक ओळ कमी होती."

"मोजत होतीस?"

"तुमचीच पुतणी हाय. कुठंय ती?"

"तुझ्या आईकडं. जा, मागं बसलीय."

तिनं शालू दोन्ही हातांनी उचलला आणि मागच्या दाराकडं चालायला लागली. मी तिच्या मागोमाग जाऊन दार ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभा राहिलो. आधी काही ऐकू येईना. मग वहिनींचा आवाज, हळू. मग पुतणीचा, एकच शब्द. मग नळ सोडल्याचा आवाज आला, चांगला पुरता सोडलेला, घागरीत नाही, सरळ फरशीवर.

आचारी पातेलं घेऊन आला. "नळ कुणी सोडलाय की? सरका, पाव्हणं, भांडी धुवायची हायेत."

"जरा दम धरा."

"पानी वाया चाललंय की."

"चालू द्या."

त्याचा आवाज ऐकून फेटा बांधलेला माझा भाऊ आला. "पोरगी कुठंय? तिकडं फोटोला थांबलेत सगळे. आणि नळ कोण सोडून गेलंय?" तो दाराला हात घालणार तोच मी त्याचा हात धरला. काही सांगितलं नाही. सांगायची मला परवानगी नव्हती. त्यानं माझ्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं. पाण्याचा आवाज येत होता, आणि पाण्याच्या आत आणखी एक. भाऊ ऐकत राहिला. मग हळूच त्यानं फेटा काढून काखेत धरला.

फोटोवाला धावत आला. "नवरी कुठंय? उजेड जाईल, लवकर."

"थांब जरा," माझा भाऊ त्याला म्हणाला, "नळ चालू हाय."